बाकूचें तेल आणि मुळशीची माती

कास्पियन समुद्राच्या पश्चिम तीरावर बाकू नांवाचें एक पुरातन शहर आहे. आझरबैजान देशाची ती राजधानी. आपल्यापैकीं पुष्कळांनीं हें नांव भूगोलाच्या पुस्तकांत खनिज तेलाच्या सदराखालीं एकदां वाचलें असेल आणि परीक्षा आटोपतांच तें विसरूनहि गेले असतील. परंतु या शहराजवळ सुराखानी म्हणून एक गांव आहे, तेथील अग्निमंदिराच्या भिंतींत देवनागरी लिपींतले शिलालेख बसविलेले आहेत, आणि त्यांतील कित्येकांचा आरंभ श्रीगणेशाच्या वंदनानें झालेला आहे, हें समजल्यापासून निदान मला तरी तें शहर परकें वाटेनासें झालें. सतराव्या-अठराव्या शतकांत आपल्या उत्तरेकडील व्यापारी मजल दरमजल करीत तेथवर जात, आणि भूमींतून आपोआप बाहेर पडणाऱ्या ज्वालेस देवता समजून हात जोडीत. ती ज्वाला भूगर्भांतील वायूची होती. पुढें त्याच वायूचा आणि तेलाचा व्यापार वाढला, जिकडे तिकडे विहिरी खोदल्या गेल्या, आणि स्वयंभू ज्वाला मावळली. आज त्या मंदिरांत जी ज्योत दिसते ती नळानें आणलेल्या वायूची आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय तें मंदिर नव्हे. त्या देशाचा चित्रपट आणि त्यानें सांगितलेल्या कांहीं कथा हा माझा विषय आहे. आणि त्या निमित्तानें आपल्या मराठी चित्रपटाच्या एका कथेकडे, म्हणजे जमिनीच्या कथेकडे, वाचकांचें लक्ष वेधावें असा हेतु आहे. आझरी भाषा तुर्की कुळांतली. देश सुमारें एक कोटि वस्तीचा. मराठी बोलणारे २०११ च्या शिरगणतींत आठ कोटींहून अधिक भरले होते. एवढ्याशा देशाचा चित्रपट तो काय, असें कोणी म्हणेल. पण वयानें तो आपल्या बरोबरीचा आहे. १८९८ सालीं अलेक्सांद्र मिशों नांवाच्या छायाचित्रकारानें बाकूजवळच्या बीबीहैबत येथें तेलविहिरीला लागलेल्या आगीचें चलच्चित्र घेतलें. पुढच्याच वर्षीं आपल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनीं, ज्यांना सर्व लोक सावेदादा म्हणून ओळखतात त्यांनीं, मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें एका कुस्तीचें चित्र घेतलें. ज्याच्या अंगणांत जें घडत होतें तें त्यानें टिपलें.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जगांतील खनिज तेलापैकीं जवळजवळ अर्धें एकट्या बाकूच्या परिसरांतून निघत होतें. नोबेल बंधूंसारखे परदेशी धनिक तेथें येऊन बसले, आणि काल ज्याच्या रानांत मेंढ्या चरत होत्या तो आज लक्षाधीश झाला, अशीं उदाहरणें घडूं लागलीं. या आकस्मिक श्रीमंतीवर इब्राहीम बेग मूसाबेयोव्ह या लेखकानें एक कथा लिहिली. गरीब माणसाच्या हातीं तेलाचा पैसा येतो, पैशापाठोपाठ मित्र येतात, मित्रांपाठोपाठ व्यसनें येतात, आणि जो वर चढला तो ज्या वेगानें चढला त्याहून अधिक वेगानें खालीं येतो, असा तिचा मथितार्थ. १९१६ सालीं, पहिलें महायुद्ध चालू असतांनाच, पिरोन बंधूंच्या कंपनीनें बोरिस स्वेतलोव्ह या दिग्दर्शकाकडून या कथेवर चित्र करविलें. ‘तेलाच्या आणि कोट्यवधींच्या राज्यांत’ असें त्याच्या नांवाचें मराठी करतां येईल. तेथील रंगभूमीवरचा नामांकित नट हुसेन अराब्लिन्स्की यानें त्यांत प्रमुख भूमिका केली. आझरी जीवनावरचें हें पहिलें मोठें कथाचित्र समजलें जातें.

येथें क्षणभर थांबण्यासारखें आहे. बाराव्या शतकांतील निजामीसारखा महाकवि ज्या भूमींत गंजा येथें होऊन गेला, लैला-मजनूची अमर कथा ज्यानें काव्यांत गुंफिली, त्या भूमींतल्या चित्रपटानें आपलें पहिलें मोठें पाऊल टाकतांना निजामीचें बोट धरलें नाहीं. समोर रोज जें दिसत होतें तें घेतलें. आपल्या दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, म्हणजे पुराणाकडे धांव घेतली, असें म्हणून कांहीं टीकाकार नाक मुरडतात. मला तें पटत नाहीं. हरिश्चंद्राची कथा तरी काय आहे? पायाखालची भूमि एकदां हातांतून गेली म्हणजे माणसाचें, त्याच्या बायकोचें आणि मुलाचें काय होतें, हीच ती कथा आहे. राजानें राज्य दान दिलें, आम्ही खरेदीखत करून देतों, एवढाच फरक.

आझरी चित्रपटाच्या दुसऱ्या कथांचाहि ओझरता परिचय करून देतों, कारण त्यांत आपल्या ओळखीचे चेहरे भेटतात. उझेयिर हाजीबेयोव्ह हा तिकडचा थोर संगीतकार. कांहीं काळ तोहि शिक्षक होता, हें मी जरा अभिमानानेंच नमूद करतों. त्यानें रचलेली ‘अर्शिन माल आलान’ ही संगीतिका १९१३ सालीं, म्हणजे नेमकी फाळक्यांच्या वर्षीं, बाकूच्या रंगभूमीवर आली. एका धनाढ्य तरुण व्यापाऱ्याला लग्नापूर्वीं मुलगी डोळ्यांनीं पाहावयाची आहे. स्त्रिया तर बुरख्यांत. तेव्हां तो कापड विकणारा फेरीवाला होऊन दारोदार हिंडतो, आणि कापड पाहावयास आलेली मुलगी त्याच्या मनांत भरते. मुलगीहि त्या गरीब फेरीवाल्यावर भाळते आणि बाप श्रीमंत व्यापाऱ्याशीं लग्न ठरवितो म्हणून रडते. शेवटीं दोघे एकच निघतात. त्या प्रयोगांत स्त्रीभूमिका पुरुषांनीं केल्या, जशा आपल्याकडे बालगंधर्वांनीं केल्या आणि ‘राजा हरिश्चंद्रां’तली तारामती साळुंके यांनीं केली. १९४५ सालीं याच संगीतिकेचा जो बोलपट निघाला त्यांत रशीद बेहबूदोव्ह या गायकानें नायकाचें काम केलें. घरांतील तरुण मंडळींच्या मदतीनें मीं तो दूरचित्रवाणीच्या संचावर पाहिला, तेव्हां भाषेचें अक्षरहि न कळतां माझ्या सौभाग्यवतीला कथा शेवटपर्यंत समजली. संगीत ‘शारदे’च्या आणि ‘सौभद्रा’च्या वातावरणांत वाढलेल्या माणसाला त्यांत अडखळण्यासारखें कांहीं नाहीं. १९२९ चें ‘सेविल’ हें मूकचित्र जाफर जब्बार्ली यांच्या नाटकावरून निघालें; नवऱ्यानें टाकलेली स्त्री बुरखा टाकते, शिकते आणि स्वतःच्या पायांवर उभी राहते. आपल्या प्रभात कंपनीचा १९३७ चा ‘कुंकू’ ज्यांनीं पाहिला असेल त्यांना हिची थोरली बहीण भेटल्यासारखें वाटेल.

तथापि माझें मन वारंवार वळतें तें १९१६ च्या त्या तेलाच्या चित्राकडे, आणि याचें कारण मी पुनावळ्यास राहतों हें आहे. पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम टोकाला, मुंबई-बंगळूर महामार्गालगत हें गांव आहे. येथून पवना फार लांब नाहीं, आणि हिंजवडीचे संगणकाचे कारखाने तर हाकेच्या अंतरावर. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. मग मोटारींचे आले, त्यांच्या सुट्या भागांचे आले, आणि पुढें तीच रांग चाकणपर्यंत जाऊन पोंचली. आमच्या गांवांत कारखाना असा आला नाहीं. कारखान्यांतल्या आणि संगणकावरच्या माणसांना राहावयास घर पाहिजे, म्हणून येथें इमारती आल्या. ज्या तुकड्यांत ज्वारी आणि भुईमूग होत असे त्यांवर वीस-वीस मजले उभे आहेत, आणि प्रत्येक इमारतीला असें एखादें विलायती नांव आहे कीं तिच्याखालच्या शेताचें जुनें नांव आतां तलाठ्याच्या दप्तरांतच सांपडावें. आमच्याकडे भूमींतून तेल निघालें नाहीं. भूमीच तेलासारखी विकली गेली.

शाळेंत असतां एकदां मी महाभारतांतील उद्योगपर्वाची कथा मुलांना सांगत होतों. सुईच्या अग्रावर मावेल एवढी माती देखील पांडवांना देणार नाहीं, असें दुर्योधन म्हणतो, येथपर्यंत आलों. मागच्या बांकावरून एक मुलगा अत्यंत गंभीरपणानें म्हणाला, “गुरुजी, तेव्हां गुंठ्याला भाव काय होता?” वर्ग हंसला, मीहि हंसलों. पण व्यासांच्या कथेचें मर्म त्या पोरानें कोणत्याहि टीकाकारापेक्षां लौकर ओळखलें होतें. त्याच्या घरीं त्या आठवड्यांत इसारपावती झाली होती.

आतां आपल्या चित्रपटाकडे. जमिनीची कथा मराठी माणसानें पडद्यावर प्रथम केव्हां सांगितली, याचें उत्तर कोल्हापुराकडे पाहून द्यावें लागतें. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ हें मूकचित्र काढलें. कथा नारायण हरि आपटे यांची. ‘कुंकू’ ज्या कादंबरीवरून झाला ती ‘न पटणारी गोष्ट’ लिहिणारे तेच हे. एक गरीब शेतकरी सावकाराच्या कागदपत्रांत अडकतो, जमीन गमावतो, आणि पोट भरण्यासाठीं शहरांत गिरणीचा मजूर होतो, एवढेंच कथानक. शेतकऱ्याचें काम एका तरुण नटानें केलें. तेच पुढें व्ही. शांताराम म्हणून सर्वांना माहीत झाले. या चित्रांतील एका उदास झोपडीचें आणि रात्रीं ओरडणाऱ्या कुत्र्याचें दृश्य जे. बी. एच्. वाडिया यांच्यासारख्या जाणकाराच्या मनांत पुढें कित्येक वर्षें घर करून राहिलें होतें. मूकपटांतलें कुत्रें तें. त्याचें ओरडणें डोळ्यांनींच ऐकावयाचें. ज्यानें तें ऐकविलें त्या चित्रकाराचा हात काय असेल!

ही कथा कोठून आली, हें पुणें जिल्ह्यांतील माणसाला विचारण्याचें कारण नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत याच जिल्ह्यांतील सुपें गांवीं बाजाराच्या दिवशीं शेतकरी सावकारांवर उठले, आणि दुकानांतले कागद आणि रोखे यांची होळी केली. आसपासच्या गांवांत तें लोण पसरलें. सरकारनें चौकशी नेमली, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं कायदा करावा लागला. त्या सावकारांत परप्रांतांतून आलेले व्यापारी पुष्कळ होते हें खरें. पण व्याजबट्ट्याची वही ज्यांच्या माजघरांत होती अशीं घरें आपल्यांतहि होतीं, हें आपण आपल्यापुरतें तरी मान्य करावें. ‘सावकारी पाश’ पाहणाऱ्या कांहीं सुशिक्षित प्रेक्षकांना पडद्यावरचा सावकार पाहून आपल्या आजोबांची आठवण झाली असेल. पुढें कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारा मालक ठरला, आणि जमीन जाणें म्हणजे काय हें आपल्यांतील अनेक कुटुंबांनाहि समजलें. जमिनीच्या कथेंत सदां एकाच बाजूस उभें राहावयास कोणालाच मिळत नाहीं.

आणि त्याच काळांत आमच्या शेजारच्या मुळशी खोऱ्यांत काय चाललें होतें? टाटांच्या वीज कंपनीचें धरण होणार, गांवें बुडणार, म्हणून १९२१ सालीं मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट त्याचे पुढारी. सत्याग्रह दोन-तीन वर्षें चालला, लोकांनीं तुरुंग भोगले, आणि शेवटीं धरण झालें, खोरें पाण्याखालीं गेलें. कोल्हापुरांत आपटे आणि पेंटर जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची कथा चित्रांत गुंफीत होते, त्यापूर्वीं वर्ष-दोन वर्षांतच पौड-मुळशीकडे ती प्रत्यक्षांत घडून गेली होती.

एवढें असून ‘सावकारी पाशा’ला लोकाश्रय बेताचाच मिळाला. पौराणिक चमत्कारांना आणि ऐतिहासिक पराक्रमांना सोकावलेल्या प्रेक्षकाला स्वतःच्या दारिद्र्याचें चित्र पैसे देऊन पाहावेंसें वाटलें नाहीं. यांत प्रेक्षकाला फारसा दोष देतां येत नाहीं. दिवसभर उन्हांत राबलेला मनुष्य रात्रीं पुनः उन्हांत कां बसेल? १९३६ सालीं पेंटर यांनीं तीच कथा बोलपटांत पुनः सांगितली; मनांत रुतलेली गोष्ट कलावंताला सहजासहजीं सोडीत नाहीं असें दिसतें. पण त्याच वर्षीं प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला, आणि देहूच्या वाण्यानें महाराष्ट्राला वेड लावलें. त्या चित्राचा महिमा येथें सांगत बसत नाहीं. एक गोष्ट मात्र आमच्या विषयांतली आहे. शिवाजीमहाराजांनीं पाठविलेला नजराणा दारांत येतो, तुकोबा तो परत करतात, आणि घरांतल्या जिजाईला मुलांच्या तोंडांत काय घालावें हा प्रश्न तसाच उरतो. आलेला पैसा नाकारणारा पुरुष आणि त्या नकाराची किंमत चुलीपाशीं मोजणारी स्त्री, अशी ती जोडी आहे. दामले आणि फत्तेलाल या दिग्दर्शकांनीं जिजाईला हंसण्यावारी नेलें नाहीं, म्हणून तें चित्र मोठें झालें असें मी समजतों.

मधली अनेक वर्षें मी थोडक्यांत ओलांडतों. तमाशापट आले, विनोदी चित्रें आलीं, कौटुंबिक अश्रुपात आला. शेत हें गाण्याच्या मागें डोलण्यापुरतें उरलें. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसें’ या १९६५ च्या चित्रांत खेड्यांतलें लोहार जोडपें शहरांत जातें तेवढा अपवाद ध्यानांत राहतो. एकविसाव्या शतकांत मात्र मराठी चित्रपट पुनः मातीकडे वळला. २००८ सालीं मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ आला. स्थळ जुन्नरकडचें, म्हणजे आमच्या चाकणच्या रस्त्यानें वर गेल्यावरचें. बिबट्यासाठीं खणलेल्या खड्ड्यांत पडून बैल जायबंदी होतो. बटाट्याच्या लावणीची वेळ आली आहे. बापाला तो विकल्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि लहान मुलगा विचारतो कीं माणूस आजारी पडला तर आपण त्याला खाटकाला देतों काय? या प्रश्नाला चित्रांत कोणाजवळहि उत्तर नाहीं, आणि दिग्दर्शकानें तें देण्याचा आव आणलेला नाहीं. पुढच्याच वर्षीं विदर्भांतील शेतकऱ्यावर सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ निघाला.

२०११ चा ‘देऊळ’ हा आपल्या वर्गाच्या वाचकांनीं अवश्य पाहावा. उमेश कुलकर्णी यांचें दिग्दर्शन, गिरीश कुलकर्णी यांची लेखणी. गुरें राखणाऱ्या एका भोळ्या मुलाला उंबराखालीं दत्ताचा साक्षात्कार होतो. गांवांतले पुढारी त्या साक्षात्काराचें देऊळ बांधतात, देवळाभोंवतीं दुकानें, दुकानांभोंवतीं भाडीं, आणि बघतां बघतां सारें गांव देवाच्या नांवावर कमाई करूं लागतें. त्यांत अण्णा म्हणून एक वृद्ध, विद्वान्, सद्गृहस्थ आहेत. दिलीप प्रभावळकरांनीं ती भूमिका केली आहे. गांवाला रुग्णालय व्हावें म्हणून ते झटतात आणि अखेर मुकाट्यानें गांव सोडून जातात. अण्णांना पाहून माझी थोडी चिडचिड झाली, हें कबूल करतों. निघून जाणें हें आपल्या लोकांना फार सोपें वाटतें. सुराखानीची ज्वाला आणि हा दत्त यांची कथा आंतून सारखीच आहे; तेथें ज्योतीखालच्या वायूला भाव आला, येथें देवाखालच्या जागेला.

आणि मग २०१८ च्या नोव्हेंबरांत प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ आला. आमच्या भागांतील पोरांनीं तो किती वेळां पाहिला याला गणति नाहीं. नांवच आमच्याकडच्या तालुक्याचें. सखा पाटील हा शेतकरी जमीन विकून बसतो. आलेला पैसा उधळला जातो. आणि जी जमीन आपली होती तिच्यावरच उभ्या राहिलेल्या नव्या मालकाच्या वास्तूवर पहारेकरी म्हणून राहण्याची पाळी त्याच्यावर येते. तेथूनहि अपमान होऊन तें कुटुंब पुण्याच्या बाजारांत हमाली करावयास जातें. मुलगा राहुल हें सारें पाहत मोठा होतो आणि गुंडगिरीच्या वाटेला लागतो. शेवट व्हावयाचा तसाच होतो; तो मारला जातो. राहुलचें काम ओम भुतकर यांनीं, बापाचें मोहन जोशी यांनीं केलें आहे. २०२१ सालीं याच कथेवरून ‘अंतिम’ हें हिंदी चित्र निघालें.

या चित्रावर सुशिक्षितांनीं दोन आक्षेप घेतले: भाषा शिवराळ आहे, आणि गुंडाचा थाट इतका झगमगीत दाखविला आहे कीं तरुणांना तोच अनुकरणीय वाटावा. दुसरा आक्षेप मला मान्य आहे. गाण्यावर नाचणारा, गाड्यांच्या ताफ्यांत मिरविणारा राहुल पोरांच्या ध्यानांत राहतो, आणि बाजारांत पोतीं वाहणारा त्याचा बाप विसरला जातो. दिग्दर्शकानें बापाची कथा सांगावयास घेतली आणि मध्येंच मुलाच्या तालावर पाय धरला, असें माझें मत आहे. परंतु पहिला आक्षेप घेणाऱ्यांनीं एकदां आमच्या चौकांत उभें राहून पाहावें. आणि हेंहि लक्षांत घ्यावें कीं जमीन विकलेल्या बापाला मुलानें समोर उभें करून जाब विचारावा, हा प्रसंग मराठी घरांत पुष्कळ दिवस घडत होता. तो प्रथमच इतक्या मोठ्यानें कोणी बोलून दाखविला. गांवोगांवच्या चित्रपटगृहांत तेथें टाचणी पडली तरी ऐकूं यावी अशी शांतता होत असे. माझा एक माजी विद्यार्थी आज पाण्याच्या टँकरचा धंदा करतो. तो हें चित्र तीनदां पाहून आला. चौथ्या वेळीं वडिलांना घेऊन गेला, तर ते मध्यंतराला जे उठले ते परत आंत आले नाहींत. बाहेर गाडीपाशीं उभे राहिले.

बाकूच्या १९१६ च्या चित्रांत आणि आमच्या २०१८ च्या चित्रांत एकशें दोन वर्षांचें अंतर आहे, धर्म निराळा, भाषा निराळी. तरी दोन्हीं चित्रांनीं एकाच ठिकाणीं बोट ठेवलें आहे. जमिनीचें उत्पन्न हंगामानें येतें. तें येण्यापूर्वीं मनुष्याला नांगरावें, पेरावें, वाट पाहावी लागते, आणि त्या वाट पाहण्यांत त्याच्या अंगीं हिशेब मुरतो. विक्रीचा पैसा एका दिवसांत येतो, आणि त्याच्याबरोबर हिशेब येत नाहीं. आमच्याकडे ज्यांनीं दूरदृष्टि ठेवली त्यांनीं दुसरीकडे जमीन घेतली, गाळे बांधले, मुलें शिकविलीं. त्यांचें बरें चाललें आहे. अशांची संख्या लहान नाहीं, आणि त्यांच्यावर अद्याप कोणी चित्र काढलेलें माझ्या पाहण्यांत नाहीं. बुडालेल्याची कथा रंगते, तरलेल्याची रंगत नाहीं, ही कथाकारांची जुनीच अडचण आहे.

खेदाची गोष्ट ही कीं ज्या दोन चित्रांनीं ही कथा प्रथम सांगितली तीं दोन्हीं आज पाहावयास मिळत नाहींत. बाकूचें चित्र हरवलें. १९८० सालीं ‘सोनेरी दरी’ अशा अर्थाच्या नांवानें फिक्रेत अलियेव्ह यांनीं त्याच मूळ कथेवर पुनः चित्र काढलें, म्हणून निदान कथा तरी पडद्यावर राहिली. ‘सावकारी पाशा’चा १९२५ चा मूकपट आपल्याकडे उरला नाहीं. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती लवकर कुजते आणि ठिणगी पडतांच भडकते. भारतांत तेराशेंच्या आसपास मूकपट निघाले असावेत, त्यांतले हातांच्या बोटांवर दोन-तीनदां मोजण्याइतकेच बचावले. पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें आणि पी. के. नायर यांनीं जन्मभर खपून जें मिळेल तें गोळा केलें, म्हणून फाळक्यांचे तुकडे आणि प्रभातचीं चित्रें आपण पाहूं शकतों. तरीहि २००३ च्या जानेवारींत चित्रपट संस्थेच्या आवारांतील कोठाराला लागलेल्या आगींत नायट्रेटवरच्या कित्येक जुन्या प्रती जळाल्याच. ज्यांच्या घरीं माळ्यावर पत्र्याच्या गोल डब्यांतून जुनी फीत पडलेली असेल, त्यांनीं ती भंगारवाल्यास न देतां विधि महाविद्यालयाच्या रस्त्यावरील त्या संग्रहालयास कळवावें. असे डबे जुन्या वाड्यांतून निघतात; वाडे पाडतांना निघतात, आणि वाडे तर रोज पडत आहेत.

जमिनीच्या कथेचा एक भाग मात्र मराठी चित्रपटानें अजून पुरता हातीं घेतलेला नाहीं असें मला वाटतें, आणि एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या या मासिकाच्या वाचकांना तो चांगला ठाऊक आहे. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि साऱ्या देशानें २००५ सालीं कायदा करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा वांटा दिला. तेव्हांपासून कोणतीहि जमीन विकावयाची म्हटली कीं सासरीं गेलेल्या बहिणींच्या सह्या लागतात. आमच्याकडे दुय्यम निबंधकाच्या कचेरींत सकाळीं अकराच्या सुमारास गेलें तर हें दृश्य हटकून दिसतें. भाऊ वकिलाशीं बोलत उभे असतात. गुंठ्याचा भाव, मुद्रांकाची रक्कम, धनादेशाचा क्रमांक असें कांहीं चाललेलें असतें. बांकावर तीन-चार बायका ओळीनें बसलेल्या असतात, कोणी भोरहून आलेली, कोणी शिरूरहून. हक्कसोडपत्रावर सही केली म्हणजे माहेर राहतें, न केली तर वांटा मिळतो आणि भाऊबीज बंद होते, हें त्यांना कोणी समजावून सांगावें लागत नाहीं. एकीची सही येत नाहीं म्हणून कारकून तिच्या अंगठ्याला शाई लावतो. भाऊ रिक्षा बोलावतो, वाटेंत सर्वांना जेवूं घालतो, आणि संध्याकाळच्या एस्टीनें बहिणी आपापल्या गांवीं परत जातात.